लिंबू आणि शिळं पाणी

नळाला पाणी सुटणार असलं की आमच्याकडे आधी पिंपं, हंडे रिकामे होतात आणि ते शिळं पाणी झाडांना जातं. पडेगावच्या या घरात आल्यापासून हे काम सासूबाईंचं. गुडघे गेल्यावर त्यांचा स्वयंपाक सुटला, धुणं सुटलं. एवढं एकच काम राहिलं.

यंदा पाऊस थांबेचना. अंगणातली माती गंगापूरच्या शेतातून आणलेली, काळी. तिच्यात शिरलेलं पाणी लवकर निघत नाही. कमरेइतकं वाढलेलं लिंबू, यंदाच पहिल्यांदा फुललेलं. त्याची पानं पिवळी पडली, शेंड्यांनी माना टाकल्या.

"तहानलंय ते," सासूबाई म्हणाल्या, आणि त्याला दोन बादल्या जास्तीच्या घातल्या.

मी कुदळ घेतली. बुंध्याभोवती खणलं तर खाली नुसता चिखल आणि नासक्या अंड्याचा वास. मुळं काळी पडलेली, बोट लावलं की साल सुटत होती. सडकी मुळं कापून टाकली. पांढरी फार थोडी उरली. तेवढ्यांना सगळं झाड पोसवणार नाही, म्हणून फांद्याही निम्म्या उतरवल्या. पाणी निघून जायला फाटकापर्यंत चर काढला, मातीत मुरूम आणि वाळू मिसळून उंचवटा केला आणि लिंबू त्यावर लावलं.

"आता याला पाणी घालायचं नाही, आई. मी सांगेपर्यंत. कुठल्याच झाडाला नाही."

"मंग शिळं पाणी काय करू?"

"मोरीत ओता."

"मोरीत? डोक्यावर हंडे वाहिलेत म्या. तुला वतायचं तर तू वत. मपल्या हातून नाय व्हायचं."

"अहो, वरून रोज पडतंय की!"

"वरचं देवाचं. हे आपण भरून ठिवलेलं."

पुढच्या वेळी पाणी सुटलं तेव्हा पिंपं मीच मोरीत रिकामी केली. सासूबाई पायरीवर बसून बघत होत्या.

"मंग म्या काय करू?"

"मेथी निवडा."

"निवडली."

त्याच्या पुढच्या वेळी त्या बाहेर आल्याच नाहीत. पिंपं पालथी घालताना लिंबाकडे लक्ष गेलं. छाटलेल्या फांद्यांवर बारीक हिरवे कोंब आले होते. मी हाक मारली, "आई, या बघायला, लिंबू जगलं!"

"दिसतंय हितून," त्या आतून म्हणाल्या.

त्यांच्या खाटेवरून अंगण दिसत नाही.