रुमाल टाकलेली जागा

आमच्या हॉकी संघाच्या मालकाने माझ्या दोस्ताला, सुधाकर देवस्थळीला फसवलं. सुधाकर आता नाही, म्हणून मी गप्प बसेन असं कुणी समजू नये.

दीड महिन्यापूर्वी दुकान उघडत होतो, तेव्हा त्याच्या मुलीचा फोन आला. "काका, बाबा इज गॉन... झोपेतच." मी अमेरिकेत शून्यातून देशी किराण्याचं दुकान उभं केलेला माणूस. घासाघीस करताना माझा आवाज कधी खाली आला नाही. त्या दिवशी आला.

बर्फावरच्या हॉकीचं वेड त्याचं, मी आपला सोबतीला. संघाचं जुनं स्टेडियम पाडलं आणि नवं होईपर्यंत सामने कॉलेजच्या लहानशा रिंकवर, म्हणजे बर्फाच्या मैदानावर होऊ लागले. तिथे नंबरच्या खुर्च्या नव्हत्या, नुसती बाकं. येईल त्याने बसावं. सुधाकर माकडटोपी घालून लवकर पोचायचा, बर्फाभोवतीच्या काचेलगतच्या बाकावर रुमाल टाकायचा आणि निवांत चहा आणायला जायचा. पहिल्या दिवशी परतला, तर रुमाल हरवलेल्या वस्तूंच्या खिडकीत आणि जागेवर एक धिप्पाड कुटुंब! "अरे, ही काय एस.टी. आहे?" मी भडकलो. "शिकतील रे हळूहळू," तो म्हणाला. आणि शिकले की! पुढच्या हिवाळ्यात त्या बाकांवर मफलर, टोप्या, हातमोजे पसरलेले असायचे आणि कुणी कुणाचं उचलत नसे. खेळातली चकती काचेवर आदळली की दचकून आमचा चिवडा सांडायचा, शेजारचे तो वेचून खायचे... संघाचं ते घर तात्पुरतं आहे हे आम्ही विसरूनच गेलो होतो.

मालकाला या रुमालाची मोठी गंमत वाटायची. नवं स्टेडियम दाखवायला त्याने आम्हा जुन्या प्रेक्षकांना नेलं, तेव्हा सुधाकरने काचेलगतच्या एका खुर्चीवर रुमाल टाकला. मालकाने सगळ्यांसमोर त्याचा हात हातात घेतला. "ही तुमची." मी म्हटलं, "लिहून द्या." सुधाकरने मला कोपराने ढोसलं. "गप रे, दुकानात नाहीयेस तू."

स्टेडियम सुरू झालं, तेव्हा ती अख्खी रांग बड्या कंपन्यांच्या पाहुण्यांना गेली होती. गुडघे दुखणाऱ्या सुधाकरला जागा मिळाली पार वरच्या टोकाला. तो एकदाच चढला. पुढे म्हणायचा, "टीव्हीवर बरं दिसतं रे..." माकडटोपी खुंटीवरच राहिली.

निळ्या काठाचा तो रुमाल मुलीने मला दिला. परवाच्या सामन्याला मी तो त्या खुर्चीवर टाकून आलो. वरून बघत होतो. शेवटपर्यंत तिथे कुणी बसायला आलं नाही. रिकामीच ठेवायची होती, तर त्याची जागा का काढून घेतली? मालकाने त्याच्या मुलीसमोर उभं राहून याचं उत्तर द्यावं.