होटगीच्या फलाटावरची वेणी

“जग संपलंय, आणि ही बाई केस कसले विंचरत बसलीय?”

केबिनचं दार उघडं होतं. शिंदे सर, आमचे बॉस, फोनवर बोलत होते. विषय माझ्या स्क्रीनवरच्या फाइलचा होता.

मी सोलापुरात एका छोट्या स्टुडिओत साउंड एडिटर आहे. ऑडिओबुक रेकॉर्ड झालं की वाचणाऱ्याचं अडखळणं, नको ते श्वास काढून ते सलग करायचं, हे माझं काम. ही कादंबरी साथीत जग ओस पडल्यानंतरची होती. होटगीच्या रिकाम्या फलाटावर एका बाईला अनोळखी मुलगी भेटते. बाई तिच्या केसांतला गुंता सोडवते, वेणी घालते. बस्स.

सर बाहेर आले. “नेहा, हा सीन काढ. लई स्लो आहे की. डायरेक्ट पळापळ घे. संध्याकाळी पहिला भाग पाठवायचाय.”

“हो सर.” माझं ऑफिसातलं बोलणं बहुतेक एवढंच असतं.

सीन काढला. कापल्या जागचा जोड मलाही ऐकू येत नव्हता. भागाच्या शेवटी पूल कोसळतो, मुलगी पलीकडे राहते. मला काहीच वाटलं नाही. कोण होती ती?

सीन परत घातला. तो आमच्या स्टुडिओत पुस्तकं वाचणाऱ्या शकीला आपांनी वाचला होता. वाचताना त्यांची बोटं हवेत गाठ सोडवत होती, मी रेकॉर्डिंगच्या खोलीच्या काचेतून पाहिलं होतं. “दुखलं तर सांग,” बाई म्हणते. मुलगी मान पुढे करते. अख्खं सोलापूर ओस पडलेलं, आणि मला धास्ती त्या एका गाठीची. जगाचा शेवट माझ्या कल्पनेत मावत नव्हता. त्या मुलीचं डोकं मावलं. पूल पडला तेव्हा मी श्वास रोखून बसले होते.

सरांना दोन्ही फाइल्स ऐकवल्या. आधी कापलेली. ते मोबाइल बघत म्हणाले, “मस्त. फास्ट झालंय.”

मग दुसरी. मोबाइल हळूहळू टेबलावर उपडा झाला.

“सर, चाय ठंडी हो री,” आपा दारातून म्हणाल्या. सरांनी न बघता हात वर करून त्यांना थांबवलं.

पूल पडला. फाइल संपली.

“पोरगी जगती का?”

“पुढच्या भागात आहे, सर.”

“आत्ता सांग की.”

तो सीन राहिला. त्यासाठी मला एकच वाक्य मोठ्यानं बोलावं लागलं.

“सर, तुम्ही पोरीचं विचारलंत. जग कशानं संपलं ते विचारलंच नाहीत.”