वानखडे काकांचा पांढरा

आमच्या ऑफिसात काम संपलं की फाइली डिलीट होतात, किस्से तेवढे राहतात. इतके साचलेत की पाहुणा आला तर चहा येईपर्यंत दोन तरी सांगून होतात. ऑफिस म्हणजे काय, सदर बाजारात एका दुकानाच्या वरच्या खोलीत दोन कॉम्प्युटर, मी आणि माझी पार्टनर रश्मी. आम्ही वेबसाइटी बनवतो. तिसरे रश्मीचे बाबा, वानखडे काका. त्यांना कोणी नोकरीवर ठेवलेलं नाही, पण रोज दहाला सगळ्यांच्या आधी तेच हजर!

आमचे बहुतेक किस्से कलर पिकरचे. स्क्रीनवरच्या कुठल्याही रंगावर तो छोटा ड्रॉपर नेऊन क्लिक केलं की त्या रंगाचा सहा अक्षरी कोड मिळतो. अगदी शुद्ध पांढऱ्याचा कोड म्हणजे सहा वेळा एफ. एवढं माहीत असलं तरी पुरे.

*

बडा फुहारा चौकाजवळचे एक साडीवाले सेठजी आले. वेबसाइटला त्यांच्या खास साडीचाच लाल रंग पाहिजे, हा हट्ट. मी समजावलं, "सेठजी, रंग स्क्रीन पे आना चाहिए, फिर मैं उस पे क्लिक करके पकड़ लूँगा."

दुसऱ्या दिवशी सेठजींनी पिशवीतून साडी काढली, माझ्या मॉनिटरवर नीट पांघरली आणि म्हणाले, "लो भैया, अब क्लिक करो!"

मला हसू आवरेना. रश्मी मात्र गंभीर चेहऱ्याने म्हणाली, "सेठजी, पहले फोटो लेना पड़ेगा. साड़ी अभी ऑनलाइन नहीं है."

फोटो घेतला. घडीत क्लिक केलं तर कोड कथ्थईचा, काठाजवळ केलं तर गुलाबीचा. सेठजी बिथरले, "ये मेरी साड़ी ही नहीं है!" तेव्हा कोपऱ्यात पेपर वाचणारे काका उठले. फॅक्टरीच्या पेंट सेक्शनमध्ये चाळीस वर्षं नुसत्या डोळ्याने रंग जुळवलेला माणूस! साडी घेऊन ते गॅलरीत गेले.

"रंग पाहायचा तर उत्तरेच्या उजेडात. ट्यूबलाइटखाली पत्ते खेळा!"

मग माझ्या मागे उभे राहून ते सांगत गेले, "थोडा पिवळा घाल. जास्त झाला. आता काळ्याचा एक थेंब." मी आकडे हलवत गेलो. शेवटी सेठजींनी साडी स्क्रीनला लावून पाहिली. काकांच्या पाया पडायचेच काय ते राहिले.

*

रिछाईच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखानदाराला त्याच्या मशीनवरचा हिरवा पाहिजे होता. त्याने पाठवलेल्या फोटोवर ड्रॉपर ठेवला तर प्रत्येक वेळी मातकट रंग. तो म्हणे तुमचं टूल खराब. काका माझ्या स्कूटरवर बसून थेट कारखान्यात गेले, खिशातून रुमाल काढला आणि मशीन पुसली. खाली लख्ख हिरवा!

मालक बराच वेळ त्या रुमालाकडे पाहत राहिला. मग ओरडला, "वेबसाइट अगले महीने, पहले धुलाई!"

पुढच्या महिन्यात गेलो तर खिडक्यांच्या काचासुद्धा चमकत होत्या. कामगारांनी आम्हाला बोलावून चहा पाजला.

*

तर अशा काकांना एका शाळेच्या साइटसाठी पांढरा निवडायला दिला. त्यांनी मन लावून निवडला, आम्हीही डोळे मिटून लावला. दुसऱ्या दिवशी प्रिन्सिपल मॅडमचा फोन, "बच्चे पूछ रहे हैं, स्कूल में बर्फ गिरी है क्या?"

उघडून पाहतो तर सगळी पानं निळसर! ड्रॉपर ठेवला. कोडात एफ फक्त शेवटचे दोन, म्हणजे निळ्याचे.

काका मानायला तयार नाहीत. "मी सांगून राहिलो ना, हाच पांढरा आहे! तुमचा सहा एफवाला तर पिवळा दिसते, जुन्या पेपरासारखा. तुमचा डब्बा बिघडला."

मॉनिटर बदलला. काकांच्या मते नवा डब्बाही बिघडलेलाच निघाला.

त्या दिवशी रश्मी हसली नाही. मोतीबिंदू आहे, त्याने सगळं पिवळट दिसतं, ऑपरेशन करा, असं डॉक्टरांनी कधीच सांगून ठेवलं होतं. काकाच टाळत होते. तिने पुन्हा विषय काढला तर ते चिडले.

"काहून जबरदस्ती करून राहिली? हा डोळाच माझी डिग्री आहे. त्याला सुरी लावली अन् काही झालं, तर मी काय करू?"

त्यांच्या तोंडून भीतीचा शब्द मी पहिल्यांदाच ऐकत होतो, आणि मला फार वाईट वाटलं.

*

रश्मी शेवटी त्यांचीच मुलगी. तिने दर सोमवारी एक काम लावलं, "बाबा, आजचा पांढरा निवडा बरं." काका निवडत, ती ड्रॉपर ठेवून कोड लिहून घेई. दोन-अडीच महिन्यांनी तिने काकांच्या फॅक्टरीतल्यासारखाच तक्ता करून त्यांच्यापुढे ठेवला. स्टँडर्ड, सॅम्पल, फरक. स्टँडर्डच्या खाली प्रत्येक ओळीत सहा एफ. सॅम्पलच्या खाली एकदाही नाही.

"बाबा, असा सॅम्पल तुम्ही पास केला असता?"

काकांनी तक्ता दोनदा वाचला. मग खिशातलं पेन काढून खाली लिहिलं, "रिजेक्ट," आणि सवयीने सही ठोकली. पेन खिशात ठेवता ठेवता पुन्हा काढलं आणि अजून एक ओळ लिहिली, "रीवर्कला पाठवा."

*

ऑपरेशन छान झालं. डॉक्टरांनी परवानगी दिली त्याच दिवशी काका ऑफिसात आले, काकूंचा हात धरून. आल्या आल्या शाळेचं ते जुनं पान उघडायला लावलं.

"हा निळा कोण्या गाढवानं लावला?"

आम्ही दोघं छताकडे पाहू लागलो. काकू गॅलरीच्या दारात उभ्या होत्या. काकांची नजर तिकडे गेली आणि तिथेच थांबली.

"सुमन, तुझे केस एवढे पांढरे कधी झाले?"

"तुम्ही जगाचे रंग जुळवून राहिले होते ना, तेव्हा."

काका माझ्याकडे वळले. म्हणाले, "हिचा एक फोटो काढ. उत्तरेच्या उजेडात."

फोटो काढला, कॉम्प्युटरवर मोठा केला. एरवी माउसला हात न लावणारे काका माझ्या खुर्चीत बसले. ड्रॉपर सावकाश नेऊन काकूंच्या केसांवर ठेवला, क्लिक केलं आणि कोडातलं एकेक अक्षर बोट ठेवून वाचलं. मग खुर्ची गर्रकन वळवली.

"सहा एफ नाहीत, सुमन! अजून पुष्कळ टाइम आहे!"