किन्हीराजाचं चूलबंद आवतन

वाशीमहून जवळच्या मालेगावची एसटी निघाली आणि मी खिडकीशी सरकून बसले. मी निवृत्त इंग्रजी शिक्षिका. कानाला सारख्याच लागणाऱ्या आखूड इंग्रजी शब्दांचा शाळकरी कोश करायचं खूळ सध्या डोक्यात आहे. कॅप, कप, कॅब. ड्रिप, ट्रिप, डिप. पुस्तकी अर्थ मला ठाऊक आहेत, पण पोरं आज ते शब्द कसे वापरतात, हे पुण्यात घरी बसून कळणार नव्हतं. मालेगावच्या एका महाविद्यालयानं गप्पांसाठी बोलावलं, तेव्हा पडत्या फळाची आज्ञा म्हणून निघाले. बाहेर तूर काढणीला आली होती आणि हरभरा घाट्यांनी लगडला होता.

वर्गात मी ‘ड्रिप’ विचारलं. पहिल्या बाकावरची मुलगी उठून म्हणाली, “मॅडम, ड्रिप म्हणजे मळ्यातलं ठिबक. पण फोटोखाली लिहिलं तं कपड्याची ऐट.”

“आणि कॅप?”

“डोक्यावर असली तं टोपी. बोलण्यात आली तं थाप.”

टोपी घालणं आपल्या मराठीतही आहेच की, असं मी म्हणाले आणि वर्ग हसला. तासभर अशी देवाणघेवाण चालली. त्यात मीच जास्त घेतलं.

बाहेर व्हरांड्यात एक गृहस्थ थांबले होते. गजाननराव, किन्हीराजाचे शेतकरी. पुण्याहून इंग्रजीच्या मॅडम येणार हे कळल्यावर बाजाराचं काम आटोपून ते थेट इकडे आले होते. त्यांनी मोबाइल पुढे केला.

“पोरगी वैष्णवी, पुण्यात नोकरी करून राह्यली. फोन उचलत नाही, हे असं धाडते. हे ‘के’ म्हणजे काय व्हय?”

वर त्यांचा संदेश होता: रविवारी रोडगे आहेत, ये. खाली तिचं एकच इंग्रजी अक्षर.

“सरळ अर्थ ठीक आहे. पण पोरांमध्ये ‘पुरे आता’ असाही होतो,” मी म्हणाले. खोटं सांगवेना.

“म्हणजे येते का नाही?”

“तेवढं यातून कळत नाही.”

त्यांनी मोबाइल खिशात ठेवला आणि जेवायला घरी चला म्हणाले. त्यांच्या चेहऱ्याकडे बघून मला नाही म्हणता आलं नाही. मोटारसायकलवर एका हातानं पदर आणि दुसऱ्या हातानं मागची कडी धरून मी किन्हीराजाला पोचले, तेव्हा केसांत रस्त्याची निम्मी धूळ होती.

त्यांच्या पत्नी शोभाताईंनी गरम भाकर, वांग्याचं भरीत आणि ठेचा वाढला. ठेच्याच्या पहिल्याच घासाला मी पाण्याचा तांब्या रिकामा केला. शोभाताईंनी भाकरीवर लोणी ठेवलं.

मग रोडग्यांचा विषय निघाला. वैष्णवीला नोकरी लागावी म्हणून शोभाताईंनी देवाला रोडगे (गोवऱ्यांच्या निखाऱ्यात भाजलेले कणकेचे गोळे, सोबत वांग्याची भाजी) नवस म्हणून बोलले होते. नोकरी लागली, पण पोरीला सुट्टी नाही म्हणून जेवण दोनदा पुढे ढकललं. आता गजाननराव हटून बसले होते. ती येवो न येवो, रविवारी पंगत बसणार.

“तुमी गावात घरोघरी जाऊन आवतन (जेवणाचं बोलावणं) देता,” शोभाताई त्यांना म्हणाल्या, “अन् पोरीले मोबाइलवर? दारात जाऊन सांगा लागते.”

“घरच्याले आवतन कायले? ते का पाहुणी हाय?”

“पाहुणीवानीच वागून राह्यली. तं पाहुणीचाच मान देऊ.”

गजाननरावांचा हात ताटात थांबला. त्यांना ते लागलं होतं. शोभाताईंनी कागदाच्या पुडीत कुंकू आणि अक्षता बांधून माझ्या हातात दिल्या. “मॅडम, तुमी पुण्यालेच चालल्या. पोरीले चूलबंद सांगा.” चूलबंद म्हणजे घरातल्या सगळ्यांना बोलावणं; त्या दिवशी त्या घरी चूल पेटवायची नाही.

परतीच्या प्रवासात ती पुडी मी पर्समध्ये पुन्हा पुन्हा चाचपून पाहिली. परक्याच्या घरात नाक खुपसतेय का, असंही वाटत होतं.

पुण्यात शोभाताईंनी दिलेल्या पत्त्यावर गेले. वैष्णवीची खोली तिसऱ्या मजल्यावर होती. दोन पलंग, एक कपाट, टेबलावर मेसचा डबा. मी ओळख सांगितली, तिच्या कपाळाला कुंकू लावलं, तळहातावर अक्षता ठेवल्या. “रविवारी रोडगे आहेत. चूलबंद आवतन आहे.”

तिनं अक्षतांवर मूठ मिटली. मग तिनं खोलीभर नजर फिरवली. “चूलबंद? इथं पेटतेच कुठं?” असं म्हणून तिनं माझ्यासमोरच फोन लावला.

“बाबा, मले आवतन कायले धाडलं? मी का पाहुणी हाय?” तिचा आवाज चढला आणि मध्येच फुटला. “बोलली असती तं रडली असती, म्हणून उचलत नव्हती फोन. शनिवारी येऊन राह्यली मी. आईले सांगा, वांगे मी चिरीन. दुसऱ्या कोणाले हात लावू देऊ नका.”

उत्तराची वाट न बघता तिनं फोन ठेवला आणि ओढणीनं डोळे पुसले. थोड्या वेळानं मोबाइल वाजला. तिनं तो माझ्यापुढे धरला. बाबांचा संदेश होता, एकच अक्षर: के.

माझ्या कोशाच्या कच्च्या प्रतीत त्या अक्षरापुढे ‘कोरडा होकार’ असं लिहिलं होतं. घरी आल्यावर मी ते खोडलं. तिथे काय लिहावं, ते अजून सुचलेलं नाही.