खण नंबर बावीस

भूगर्भशास्त्राच्या प्रयोगशाळेत पस्तीस वर्षं परिचर म्हणून राबलेल्या माणसाला पोरं दगडकाका म्हणणार नाहीत तर काय म्हणतील? त्यांचं खरं नाव फक्त माझ्या हजेरीपुस्तकात होतं. मी त्याच कॉलेजात कारकून. दुपारचा चहा मी प्रयोगशाळेत जाऊन घ्यायची, कारण ऑफिसातल्या लोकांशी माझं फारसं पटत नाही. का ते विचारू नका, विषय लांबेल.

काका आठवीच्या पुढे शिकले नव्हते. पण डोळे मिटून हातात दगड घेतला तरी नाव सांगायचे. हा आकाराच्या मानानं जड, म्हणजे बराइट. हा नखानं ओरखडला जातो, म्हणजे जिप्सम. हा जिभेला चिकटतो, म्हणजे चिनी माती. एखादा नमुना अडला की प्राध्यापक हळूच यायचे, "काका, जरा बघता का?" म्हणायचे आणि ऐकलेलं सगळं वर्गात जाऊन स्वतःचं म्हणून खपवायचे. मला संताप यायचा. काका म्हणायचे, "सांगितल्यानं माझं काय कमी होतं, ताई?"

त्यांची एक खोड होती. लाकडी ट्रेमध्ये चाळीस खण, आणि नंबर खणांना होते, दगडांना नव्हते. रोज संध्याकाळी काका सगळ्या दगडांच्या जागा बदलून ठेवायचे. का, तर पोरं नंबर पाठ करतात. 'बावीस म्हणजे कॅल्साइट' असं घोकून आलेला पठ्ठ्या दुसऱ्या दिवशी तोंडघशी पडायचा. मग काका त्याचा हात धरून म्हणायचे, "नंबर विसर, बाळा. हातात घे." हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की झोपेतही म्हणून दाखवीन.

निवृत्ती जवळ आली तसा त्यांना घोर लागला. घरी मुलगा आणि सून दोघंही चांगली होती, जेवायला वेळच्या वेळी वाढत होती. "पण घरी मला कुणी काही विचारत नाही हो," ते म्हणायचे. त्यांना एक वर्षाची मुदतवाढ हवी होती आणि विभागप्रमुखांनी तसा शब्दही दिला होता. "काकांशिवाय प्रात्यक्षिकं कशी होणार?" असं ते माझ्यासमोर म्हणाले होते.

त्याच वर्षी ती मुलगी आली. दुसऱ्या वर्षाला होती, चष्मा लावायची. हुशार, यात शंका नाही. तिचा सगळा संसार फोनमध्ये होता. वेळापत्रकाचं एक ॲप, वहीचं पान टिपून नीट करून ठेवणारं दुसरं, उजळणीच्या प्रश्नांचं तिसरं. अभ्यासाच्या वेळी फोनलाच कुलूप घालणारंही एक होतं. काका कौतुकानं बघत बसायचे. एकदा त्यांची रक्तदाबाची गोळी घ्यायची राहिली, तर तिनं त्यांच्या फोनवर आठवण करून देणारं ॲप घालून दिलं. रोज चार वाजता फोन वाजायचा आणि काका मला सांगायचे, "पोटच्या पोरानं केलं नाही, ते ह्या पोरीनं केलं." झालं. त्या दिवसापासून ती म्हणेल ती पूर्व दिशा.

मग ती म्हणाली, "काका, तुम्ही दगड कसे ओळखता ते मी फोनवर घेऊ? घरी परत परत ऐकीन." दोन महिने रोज तास संपल्यावर ती एकेक खण दाखवायची आणि काका बोलायचे. तेवढ्यासाठी तिनं ट्रेमधल्या दगडांच्या जागा न बदलण्याची गळ घातली आणि काकांनी जन्मात पहिल्यांदा ती खोड मोडली, ती मोडलीच. मी म्हटलं, "काका, जपून." ते हसले आणि म्हणाले, "लेकरू आहे ते, ताई."

पुढच्या सत्रात एका दुपारी मी चहाला गेले तर प्रयोगशाळेत अगदी शांतता. पोरं कानात यंत्रं घालून ट्रेपुढे वाकलेली. काका टेबलापाशी उभे होते आणि कुणीही त्यांच्याकडे बघत नव्हतं. एकाच्या कानातलं यंत्र निसटलं आणि फोन मोठ्यानं बोलायला लागला, "हा आम्ल टाकलं की फसफसतो बघ." काकांचाच आवाज होता. मधला खोकलासुद्धा त्यांचाच.

तिनं ॲप केलं होतं. खणाचा नंबर दाबला की माहिती ऐकू यायची. त्याला बक्षीस मिळालं. तिचं नाव, मार्गदर्शक म्हणून विभागप्रमुखांचं नाव, आणि आभारात 'प्रयोगशाळा कर्मचारी'. मुदतवाढीचा अर्ज परत आला. 'ॲप उपलब्ध असल्याने गरज नाही.' ते पत्र टाइप केलं कोणी? मीच. ह्यात मीही धुतल्या तांदळासारखी नाही.

काका कुणाला एका शब्दानं बोलले नाहीत. शेवटच्या दिवशी कपाटाच्या किल्ल्या मोजून माझ्या हातात देत होते तेवढ्यात ती दारात आली. काकांचा चेहरा उजळला. त्यांना वाटलं, आली शेवटी. मलाही तसंच वाटलं.

तिनं पिशवीतून डिंकाची मोठी ट्यूब काढली. "काका, सरांनी सांगितलंय. दगड खणात चिकटवून टाकाल? एक जरी हलला तरी ॲप चुकतं. पोरांनी काही इकडचे तिकडे ठेवलेत, आणि कुठला दगड कुठला, ते तुमच्याशिवाय कुणाला नक्की ओळखता येत नाही."

काकांनी ट्यूब हातात घेतली. मग म्हणाले, "बावीस लाव बरं."

फोन बोलला. खाणीत कसा सापडतो, ओरखडा कसा पडतो, सगळं होतं.

"ह्याच्या आधी मी काहीतरी म्हणालो होतो ना?"

"ते 'नंबर विसर' होय? ते कापलं, काका. प्रत्येक दगडाला तेच यायचं, ऐकणाऱ्याला कंटाळा येतो."

काका "बरं" म्हणाले. ती गेल्यावर खुर्ची ओढून बसले आणि चाळीसच्या चाळीस दगड ज्याच्या त्याच्या खणात चिकटवले. एकही चुकवला नाही. मी म्हटलं, दोन-चार तरी उलटसुलट करा, कळू दे त्यांना. "पोरं नापास होतील, ताई," ते म्हणाले. मला त्या क्षणी त्यांचाही राग आला. चार वाजता त्यांचा फोन वाजला. त्यांनी तो माझ्यापुढे सरकवला. "हे गोळीचं तेवढं काढून टाका."

पुढच्या आठवड्यात मी सवयीनं प्रयोगशाळेत गेले. पहिल्या वर्षाचं एक पोरगं ट्रेपुढे उभं होतं, फोन टेबलावर. "उचल बघ, बाळा," काका त्यातून सांगत होते, "केवढा जड आहे तो." पोरगं दगड ओढत होतं. एका हातानं निघेना म्हणून त्यानं दोन्ही हात लावले, तर अख्खा ट्रेच टेबलावरून उचलला गेला. ते माझ्याकडे बघायला लागलं. "उचल की," काका म्हणत होते, "भितोस काय?"