घोषणेचा टॉवेल

टॉवेलवर कोणत्या नेत्याची घोषणा विणली होती, हे मी इथं लिहिणार नाही. पक्षही सांगणार नाही. वाचणाऱ्याला राग आला तर येऊ दे. मी मुळात भित्री आहे आणि त्या उन्हाळ्यापासून जरा जास्तच भित्री झाले आहे.

अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत आमचा टॉवेलचा कारखाना आहे. कारखाना म्हणजे पत्र्याखाली खडखडणारे थोडे माग आणि मागच्या बाजूला चेकिंगचं टेबल. माग ह्यांच्या ताब्यात, टेबल माझ्या. लग्नात आहेर म्हणून द्यायचे टॉवेल आम्ही करतो. वधू-वरांची नावं काठाला विणून देतो. छापत नाही, विणतो. कितीही धुवा, नाव जात नाही, हीच आमची जाहिरात.

लग्नसराई संपत आली असताना एक मुलगा आला. चॅनेलवाला. त्याचा आवाज माझ्या ओळखीचा होता, कारण माझी जाऊ भाकरी थापताना त्याचे व्हिडिओ लावून ठेवते. फोनसमोर उभा राहून तो एका नेत्याची आरती ओवाळायचा आणि बाकीच्यांची सालटी काढायचा. कारखान्यात मात्र चप्पल बाहेर काढून आला आणि पाणीसुद्धा मागून प्यायला. "काकू, नुसत्या व्ह्यूजवर काही भागत नाही," तो म्हणाला. "आधी टोप्या विकल्या, मग कीचेन विकल्या. आता टॉवेल काढू म्हणतो. सोलापूरचा टॉवेल म्हटलं की लोक डोळे झाकून घेतात." माग बंद ठेवण्यापेक्षा बरं, म्हणून ह्यांनी काम घेतलं. मलाही त्यात काही वावगं वाटलं नाही.

विणताना थोडा माल खराब निघतोच. कुठं धागा तुटतो, कुठं तेल उडतं. त्याला आम्ही डाग माल म्हणतो. तो बाजूला काढायचा आणि गॅरेजला, हॉटेलला पुसायला देऊन टाकायचा, ही इथली पद्धत. त्यावर काय विणलंय हे कुणी बघत नाही. कितीतरी नवरा-नवरींच्या नावांनी इथल्या मोटारसायकलींचं ऑइल पुसलं आहे आणि त्यांचे संसार काही त्यामुळे मोडलेले नाहीत. घोषणेचा डाग मालही त्याच वाटेनं गेला. एक गठ्ठा गॅरेजला, थोडे समोर चहाचा गाडा लावणाऱ्या मामांना.

मामा अक्कलकोटच्या पलीकडचे. शाळा झाली ती कन्नडमधून. मराठी बोलतात झकास, पण वाचायची वेळ आली की चष्मा घरी राहिला म्हणतात. आमच्या कामगारांचा चहा वर्षानुवर्षं त्यांच्याकडूनच येतो.

एके दिवशी दुपारी जावेचा फोन आला. "अगं, हा तुमच्यासमोरचा मामा न्हाय का? बघ की जरा."

तिनं पाठवलेला व्हिडिओ उघडला. कुणा गिऱ्हाइकानं चोरून घेतलेलं चित्रण होतं. मामा सांडलेला चहा टॉवेलनं पुसतात, टॉवेल खाली टाकतात आणि पायानं जमीन पुसतात. काठावरची घोषणा स्वच्छ वाचता येत होती. आमचंच विणकाम, वाचता येणारच. वर त्या चॅनेलवाल्या मुलाचा आवाज: "आपल्या साहेबांची हे लोक काय किंमत करतात, बघा. हा चेहरा लक्षात ठेवा." खाली लोक पत्ता विचारत होते आणि कुणीतरी रस्त्याचं नाव टाकलंही होतं.

खरं सांगते, आधी मामा आठवले नाहीत, आमचे पत्रे आणि आमचे माग आठवले. एक पेटता बोळा आत आला तर एवढ्या सुताला आग लागायला कितीसा वेळ लागणार?

मी ह्यांना व्हिडिओ दाखवला. ह्यांनी तो शेवटपर्यंत बघितला, गाडीला किक मारली आणि गॅरेजवर गेले. कोरे टॉवेल देऊन ते जुने परत घेऊन आले. गॅरेजवाल्याला कारण काय सांगितलंत असं मी विचारलं, तर म्हणाले, "खाज सुटते म्हणालो. रंग चांगला नव्हता म्हणालो." काळ्याकुट्ट ग्रीसमध्ये माखलेले होते ते, आणि तरीही अक्षरं दिसत होती. आता त्यांचं करायचं काय? कचऱ्यात टाकायची सोय नव्हती. जाळावेत तर कुणी बघितलं म्हणजे? आम्ही दोघं नवरा-बायको चिंध्यांकडं बघत बसलो. आमच्या मालाची कधी अशी भीती वाटेल असं वाटलं नव्हतं.

तेवढ्यात बाहेर मोटारसायकली थांबल्याचा आवाज आला. मी खिडकीच्या फटीतून बघितलं. पोरं मामांच्या गाड्याभोवती उभी होती. एकानं किटली लाथेनं उडवली. दुसऱ्यानं मामांची कॉलर धरली होती आणि ओरडत होता, "टॉवेल कुणी दिला? बोल, कुणी सांगितलं तुला हे करायला?"

मामांनी नुसतं बोट जरी आमच्याकडं केलं असतं, तरी संपलं होतं.

"बाजारातनं आणला, साहेब," मामा म्हणाले. "पडलेला माल हुता. कोण देतंय मला?"

पोरं शिव्या देत, पुन्हा येतो म्हणून निघून गेली. मामा गाडा तसाच सोडून मागच्या दारानं आमच्याकडं आले आणि सुताच्या गठ्ठ्यांमागं खाली बसले. ओठ फुटला होता. मला म्हणाले, "अक्का, भिऊ नका. तुमचं नाव न्हाय घेतलं." मला इतकी लाज वाटली की त्यांना पाणी द्यायचंही सुचेना.

मग मात्र मी त्या मुलाला फोन लावला आणि पेमेंटचं बोलायचंय म्हणून बोलावून घेतलं. तो आला. मी त्याच्यासमोर ग्रीसचा टॉवेल टाकला. "हा तुझ्याच ऑर्डरचा डाग माल आहे. इथं सगळ्यांचाच असा जातो. मामांना काठावरचं वाचता येत नाही. तो व्हिडिओ आत्ताच्या आत्ता काढ."

मला वाटलं होतं तो भांडेल. त्याच्या तोंडचं पाणीच पळालं. त्यानं आधी दाराकडं बघितलं, मग टॉवेल पायानं टेबलाखाली सरकवला. पायानंच.

"काकू, हे कुणाला बोलू नका," तो हळूच म्हणाला. "माझ्या मालाचं फडकं झालं हे कळलं तर लोक मलाच फाडून खातील. व्हिडिओ काढला तर म्हणतील, विकला गेला. तुम्हाला माहीत नाही ती माणसं कशी आहेत. रोज मला लिहितात, जरा मऊ बोललो की घराचा फोटो पाठवतात. माझ्याच घराचा." एवढी माणसं गोळा करून हा पोरगा त्यांनाच घाबरून बसला होता.

"मग खरं काय ते सांगून टाक," हे म्हणाले. "त्यांची शाळा कन्नड, वाचता आलं नाही."

"कन्नडचं तर नावच काढू नका, काका! ते वेगळंच पेटेल."

म्हणजे टॉवेल कुणाचा ते सांगायचं नाही, वाचता का आलं नाही तेही सांगायचं नाही. राहिलं काय, तर मामांनी माफी मागायची. त्यानंच तोडगा काढला: मामांनी गळ्यात नवा टॉवेल घालून हात जोडायचे, तो व्हिडिओ टाकेल, लोक शांत होतील. माझा संताप संताप झाला, पण दुसरं मलाही सुचलं नाही. मामाच म्हणाले, "मागतो की. गाडा राहिला पायजे."

नवा टॉवेल मी काढून दिला. आडवा धरून, उजेडाकडं धरून बघितला, उलटून बघितला. इतकं बारीक चेकिंग मी सख्ख्या नणंदेच्या लग्नातही केलं नव्हतं. कुठं एक धागा सुटला असता तरी माझी धडगत नव्हती. मी तो गळ्यात घालताना मामांनी मान अगदी खाली केली.

चित्रण गाड्यापाशी झालं. मामा म्हणाले, चूक झाली, माफ करा, परत हुणार न्हाय. फुटका ओठ दिसू नये म्हणून मुलानं त्यांना जरा बाजूला वळवलं. दोनदा घ्यावं लागलं. आम्ही अजून तिथंच उभे होतो तोवर व्हिडिओ गेलाही, आणि त्याचा फोन वाजू लागला. फोनकडं बघत तो म्हणाला, "शांत झाले, काकू. टॉवेल कुठं मिळेल विचारतायत. अजून लागतील बहुतेक." हे खाली मान घालून "बघू" म्हणाले. नाही म्हणायची आमची छाती नव्हती, आणि हे त्यालाही कळत होतं.

तो गेला. ऊन मी म्हणत होतं. मामा बाकावर टेकले तसा त्यांच्या कपाळावरून घाम निथळून डोळ्यांत, दाढीत, फुटक्या ओठावर उतरत होता. ते दोन्ही हात मांडीवर ठेवून तसेच बसले होते. थोड्या वेळानं त्यांनी गळ्यातल्या टॉवेलचं टोक चिमटीत धरलं आणि माझ्याकडं बघितलं.

"अक्का," ते म्हणाले, "ह्यानं तोंड पुसलं तर चालतंय का?"

मी काही बोलायच्या आधी रस्त्याकडं बघितलं.