आम्ही विझवलेला राब: धसईजवळचे दोन दिवस

मार्च एंडिंग उरकलं की आमच्या बँकेतला प्रत्येक जण पिळून दोरीवर टाकल्यासारखा दिसतो. म्हणून यंदा मी घरी जाहीर केलं की एप्रिलच्या पहिल्याच शनिवार-रविवारी बाहेर पडायचं, आणि तेही ठाण्यापासून तीन तासांच्या आत. नवरा सुधीर म्हणाला, "मे महिन्यात बघू." नणंद नंदा म्हणाली, "मी बॅग भरते." दोन विरुद्ध एक, विषय संपला.

धसईजवळ शेतांच्या कडेला चार कॉटेजेस आहेत, तिथे बुकिंग केलं. एका रात्रीचे आठशे, जेवणाचे वेगळे. कल्याणवरून मुरबाड गाठायचं, माळशेजच्या रस्त्याला लागायचं आणि धसईचा फाटा विचारत उजवीकडे वळायचं. मुरबाडपर्यंत रस्ता उत्तम, पुढे आमच्या मारुती ८००ची हाडं वाजली. मोबाईलला रेंज फक्त पाण्याच्या टाकीजवळ, तीसुद्धा तिच्या मनात असेल तर. धसईच्या बाजारात वांगी आणि जाड्या तांदळाची पाच किलोची पिशवी घेतली. इथला तांदूळ जरूर घ्या, पेजेला तोड नाही.

बेत असा होता: शनिवारी आराम आणि मागच्या ओढ्यापर्यंत फेरफटका, रविवारी पहाटे वैशाखऱ्याहून नाणेघाट, येताना शहापूरमार्गे भातसा धरण. कॉटेजेसची देखभाल करणारे लहानूभाऊ पन्नाशीचे, गावचेच. त्यांनी आम्हाला बजावलं होतं, "उनाचं चढू नका. सहाच्या आत चालाय लागा, पाणी माणशी तीन लिटर." ही सूचना तुमच्यासाठी जशीच्या तशी लिहून ठेवते, कारण आमच्या ती कामी आली नाही.

शनिवारी दुपारी पिठलं-भाकरी खाऊन लवंडलो. चारच्या सुमाराला लहानूभाऊ बाजारात गेले आणि आम्ही ओढ्याकडे निघालो. कुंपणाबाहेर पन्नास पावलांवर एक शेत धुमसत होतं. जमिनीलगत लालसर रेघ, वर धूर, आणि आसपास चिटपाखरू नाही.

आता एक कबुली. बँकेत मी आमच्या मजल्याची फायर वॉर्डन आहे. माझ्याकडे शिट्टी आहे. वर्षातून दोनदा मी अठ्ठावीस माणसांना जिना उतरायला लावते, आणि खरी आग मात्र जन्मात पाहिलेली नव्हती. मी अशी काही ओरडले की सुधीर चप्पल टाकून पळाला. बागेची लांबलचक नळी नंदाने कुंपणावरून फेकली, तिचं तोंड मी धरलं, सुधीरने बादल्या ओतल्या. वीस मिनिटांत आग विझली. मी कमरेवर हात ठेवून उभी होते, आणि खोटं कशाला बोलू, मला स्वतःचं फार कौतुक वाटत होतं.

तेवढ्यात विहिरीकडून एक बाई डोक्यावरचा हंडा सावरत धावत आली. चाळिशीची, काटक. हंडा खाली ठेवून तिने त्या काळ्या चिखलाकडे पाहिलं.

"काय केला गो बाय ह्या तुमी?"

"अहो, आग लागली होती!"

"लागली नाय. मी लावली. राब हाय तो माझा."

तिचं नाव हिराबाई, जवळच्याच ठाकरवाडीतली. बाजारातून परतलेल्या लहानूभाऊंनी कपाळाला हात लावून आम्हाला सगळं समजावलं. राब म्हणजे भाताचं रोप तयार करायचा जमिनीचा तुकडा, बी पेरायच्या आधी तो भाजावा लागतो. शेण, वर झाडांच्या तोडलेल्या फांद्या म्हणजे कवळ, वर सुका पाला, वर मातीचा थर, आणि मग सावकाश आग. मातीतलं तणाचं बी जळतं, राखेचं खत होतं आणि रोप निवांत वाढतं, मग पावसात ते उपटून खाचरांत, म्हणजे बांध घातलेल्या भातशेतांत, लावायचं. हिराबाई नवऱ्याबरोबर भिवंडीकडच्या वीटभट्टीवर असते. राब भाजायला म्हणून दोन दिवसांची सुट्टी मागून आली होती. रविवारी चारला मुकादमाचा टेम्पो तिला न्यायला येणार होता. आणि कवळ तर तिने दोन महिन्यांपूर्वी, माघातच येऊन तोडून वाळवलेली, ती सगळी आम्ही भिजवली होती.

मी पैसे देऊ केले. ती म्हणाली, "पैशानं राब भाजंल का?" मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"मग उद्या आम्ही तिघं येतो," नंदा म्हणाली. "काय करायचं ते सांगा."

हिराबाईने आम्हाला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. "असल्या हातांनी काय व्हनार? पन या. पाच वाजता."

रविवारी नाणेघाटासाठी लावलेला गजर राबासाठी वाजला. आधी लहानूभाऊंच्या फावड्यांनी ओला चिखल खरवडला. मग सागाच्या रानातून सुका पाला गोळा केला. पाटी नव्हती, म्हणून कॉटेजच्या चादरींची गाठोडी बांधली. सुधीरने डोक्यावर पहिलं गाठोडं घेतलं आणि दहा पावलांत त्याच्यासकट बांधावर बसला. हिराबाई त्या दोन दिवसांत पहिल्यांदा हसली. "दादा, गाठोडा तुमाला न्यातो का तुमी गाठोड्याला?" पुढची चौदा गाठोडी मात्र त्याने नीट आणली. लहानूभाऊंनी गोठ्यातलं शेण दिलं. हाताखाली मोडणारा तो पाला, करवंदीच्या जाळ्या, दूर सिद्धगडाचा निळसर कडा, हे सगळं पाहायला वेळ मिळाला तो वाकून पाठ मोडल्यावर सरळ होताना.

वरची माती पसरायचं काम माझ्याकडे आलं. मी ढेकळं टाकायला लागले तशी ती खेकसली, "हलक्या हातानं! भाकरीला पानी लावतेस ना, तसा."

एक वाजता सगळं तयार झालं. मी काडेपेटी उचलून तिच्याकडे द्यायला गेले, तर तिने ती माझ्या हातातून जवळजवळ हिसकावून घेतली. "तू लांब बस." वारा जिकडे जात होता त्या टोकाला तिने आग लावली, म्हणजे ती वाऱ्याविरुद्ध हळूहळू सरकते. तीन वाजेपर्यंत निम्मं झालं, साडेतीनला पाऊण. राहिला तो फक्त पूर्वेचा कोपरा. काल नळीचं तोंड मी तिथेच धरून ठेवलं होतं.

चारला टेम्पो आला. हिराबाईने बोचकं उचललं, पाय उचलेनात. मुकादमाने दोनदा हॉर्न दिला.

"बाय," ती मला म्हणाली, "पुरा जलंपर्यंत हलू नको हितून. आनि इजवू नको म्हंजे झाला."

आम्ही तिघं बांधावर बसून राहिलो. कोपरा धुमसला, बसला. लहानूभाऊंनी वाळकं गवत घालून दोनदा पेटवून पाहिला, पुन्हा बसला. साडेसहाला त्यांनी मान हलवली आणि आम्ही निघालो. किन्हवलीवरून शहापूर, सापगावाशी नदी ओलांडताना अंधारलं होतं. धरण राहिलं. महामार्गावर वडापाव खाल्ला.

घरी येऊन चादरींचे पैसे मालकांना पाठवले, अंगाचा धुराचा वास दोन अंघोळींनी गेला. तुम्ही एप्रिल-मेमध्ये तिकडे जाणार असाल तर शेतात दिसणारा धूर बघा, फोटो काढा, बादली मात्र उचलू नका. जवळ माणूस दिसलं नाही तरी ते असतं.

जुलैच्या अखेरीला मी लहानूभाऊंना फोन लावला. टाकीजवळ असावेत, पहिल्याच वेळी लागला.

"लावनी झाली ताई. रोप चांगला आला. त्या कोपऱ्यात मात्र निस्तं गवत. रोप कमी पडला, येक खाचर मोकळाच ऱ्हायला."

"हिराबाई काय म्हणाली?"

"काय बोलनार? बोलली, त्या आगवाल्या बाईला सांग, माघात ये कवळ तोडायला."

रजेचा अर्ज मी आत्ताच टाकून ठेवलाय. सुधीर आणि नंदाही येणार आहेत, कारण कोयता चालवता आला नाही तरी भारे आम्हाला वाहता येतात. पण ते मोकळं खाचर काही डोक्यातून जात नाही. त्यात पिकणारा भात तिच्या घरच्यांनी खायचा होता.